नरक्या कॅन्सरवर चालतो का? कागलच्या कामगारांसाठी एक खुलासा

तुम्ही कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असाल, तर शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या अर्थाचा मजकूर बहुधा एकदा तरी येऊन गेला असेल. सह्याद्रीतली एक वनस्पती कॅन्सर मुळापासून बरा करते, परदेशी कंपन्या ती पळवून नेतात, आपल्या पूर्वजांना ती माहीत होती. तिचे लाकूड रात्री पाण्यात भिजवा, सकाळी उकळून प्या. खाली एक फोटो. तो कधी नरक्याचा असतो, कधी भलत्याच झुडपाचा.

हा मजकूर पुण्या-मुंबईत वाचणारा माणूस फारतर पुढे पाठवतो. इथे तसे नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड भागातली कितीतरी माणसे आहेत. ज्या डोंगरात नरक्या उगवतो, त्याच्या पायथ्याशी त्यांची घरे आहेत. शहरातल्या माणसाला हे लाकूड मिळवायचे तर दलाल गाठावा लागेल. तुम्हाला गावाकडे एक फोन पुरतो. त्यामुळे या मजकुराचा धोकाही इथे जास्त आहे.

त्यात एक गोष्ट अगदी खरी आहे, आणि तिच्या आधारावर बाकीचे खोटे उभे आहे. म्हणून 'सगळे थोतांड' म्हणून हात झटकणे मला योग्य वाटत नाही. कॅन्सरवरची काही आधुनिक औषधे खरोखरच नरक्यातल्या रसायनापासून तयार होतात. पण त्या औषधापर्यंत पोहोचायला जे काही करावे लागले, ते समजून घेतले की घरी उकळलेला काढा त्या जागी का चालत नाही, हे आपोआप कळेल.

आधी झाड ओळखू

नरक्या हे सह्याद्रीच्या दाट, ओलसर रानात वाढणारे मोठे झुडूप किंवा छोटे झाड. फुलांना उग्र दुर्गंधी येते आणि नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. शास्त्रज्ञांनाही तो वास चुकला नाही. त्याचे जुने शास्त्रीय नाव मॅपिया फीटिडा, त्यातल्या फीटिडाचा अर्थच 'घाण वासाची'. आता त्याला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात.

मराठीत त्याला आणखी दोन नावे आहेत, घाणेरा आणि अमृता, आणि दोन्ही गोंधळात टाकणारी आहेत. घाणेरी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रानोमाळ पसरलेली, रंगीत फुलांच्या गुच्छांची टणटणी येते. ती वेगळी आणि गुराढोरांना विषारी वनस्पती आहे. अमृता हे तर आयुर्वेदात गुळवेलीचे प्रसिद्ध नाव. म्हणजे कुणी 'अमृता घ्या' म्हटले, तर तुमच्या हातात गुळवेलीचे चूर्ण पडू शकते किंवा नरक्याचे लाकूड. एक वेल, एक झाड. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गुळवेलही अगदीच निर्धोक नाही, हे जाता जाता सांगतो. करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी ती घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद होईल तो होवो, पण कावीळ झालेल्या माणसाने गुळवेल घेतली होती का, हे आम्ही आता आवर्जून विचारतो.

'पूर्वजांना माहीत होते' हे कितपत खरे?

आपल्या डोंगरातल्या कितीतरी झुडपांना औषधाची खरी, जुनी परंपरा आहे. मुरडशेंग घ्या. पिळदार शेंगांचे हे झुडूप रानात सहज दिसते. पोटात मुरडा आला की ती शेंग उगाळून द्यायची. बाळगुटीतही ती असतेच, हे तुमच्या आजीला विचारा. धायटीची लाल फुले वैद्य आसव-अरिष्टे आंबवताना वापरतात. निर्गुंडीचा पाला गरम करून सुजलेल्या गुडघ्याला बांधतात. अडुळशाचे उदाहरण तर डॉक्टरांनाही मान्य व्हावे असे आहे. खोकल्यावर पिढ्यान्‌पिढ्या अडुळसा दिला गेला, त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावर संशोधन झाले आणि त्यातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध आले. केमिस्टकडून तुम्ही आणता त्या खोकल्याच्या बाटल्यांपैकी काहींत ते आजही असते.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. उपयोग साधा, तक्रार साधी, आणि गुण आला की नाही ते चार दिवसांत घरच्यांना दिसते. खोकला थांबला की थांबला. परंपरेतले ज्ञान असेच पारखले जाते. चालले ते टिकले, नाही चालले ते मागे पडले.

नरक्याची गोष्ट अशी नाही. कॅन्सरवरचे घरगुती औषध म्हणून त्याला मुरडशेंगेसारखी किंवा अडुळशासारखी जुनी ओळख नाही. घाटातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर ती झाड ओळखतात, वासाची तक्रार करतात, फार तर त्याच्या तोडीबद्दल सांगतात. कॅन्सरचा विषय काढला की उत्तर येते, 'ते मोबाईलवर आलंय की.' आणि कॅन्सर तरी कसा पारखणार? गाठ आत असते, महिनोन्‌महिने वाढते, मध्येच दुखणे कमी होते. चार दिवसांत गुण दिसण्याजोगा हा आजार नव्हे.

म्हणजे नरक्याची कॅन्सरवरची कीर्ती प्रयोगशाळेत जन्माला आली, तिथून वर्तमानपत्रात, तिथून मोबाईलवर, आणि तिथून 'पूर्वजांचे ज्ञान' होऊन गावात परत आली. या प्रवासाला साठ वर्षेसुद्धा झालेली नाहीत.

प्रयोगशाळेतली खरी गोष्ट

या गोष्टीत महाराष्ट्राचा माणूस आहे आणि त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले आणि त्याची रचना १९६६ मध्ये जाहीर केली. (टॅक्सॉल हे कॅन्सरवरचे दुसरे मोठे औषधही याच जोडीने १९७१ मध्ये जगासमोर आणले.) पुढे १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले की तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. नरक्याच्या मागे जग लागले ते तेव्हापासून.

आता या गोष्टीचा जो भाग मोबाईलवर कधीच येत नाही, तो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहिले गेले. मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचा विरघळणारा क्षार करून शिरेतून दिला. काही गाठी आकसल्या. पण रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या, जुलाब लागले, आणि लघवीतून रक्त जाऊ लागले. कारण नंतर उमगले: आम्लधर्मी लघवीत तो क्षार पुन्हा मूळ रूपात यायचा आणि मूत्राशयाचे आतले अस्तर जाळायचा. चाचण्या थांबवाव्या लागल्या. हे लक्षात ठेवा की तेव्हा दिलेले कॅम्प्टोथेसिन शुद्ध होते, मोजून दिलेले होते आणि रुग्ण इस्पितळात डॉक्टरांच्या नजरेखाली होते.

त्यानंतर हे द्रव्य बरीच वर्षे अडगळीत पडले. १९८५ मध्ये ते पेशीत नेमके काय करते हे कळले. तुमच्यापैकी जे सूतगिरणीत काम करतात त्यांना हे चटकन समजेल. पेशीतला डीएनए हा दोन पदरी पिळाचा धागा आहे. पेशी दुभंगताना पीळ जास्त बसून धागा गुंतू लागतो. तेव्हा एक विकर येऊन एक पदर कापते, पीळ सैल करते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन या विकराला नेमके कापलेल्या क्षणी जागेवरच अडकवते. पदर कापलेला राहतो, सांधला जात नाही, पेशी मरते. भराभर दुभंगणाऱ्या कॅन्सरच्या पेशी यात जास्त मरतात. पण आपल्या शरीरात आणखीही पेशी भराभर दुभंगत असतात. रक्त तयार करणारा अस्थिमज्जा, आतड्यांचे अस्तर, केसांची मुळे. औषध त्यांनाही सोडत नाही.

हे कळल्यावर रसायनतज्ज्ञांनी मूळ रेणूत बदल करून दोन औषधे घडवली: टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये वापरतात, दुसरे मुख्यतः मोठ्या आतड्याच्या. अलीकडे स्तनाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचे नाव घेतले जाते त्या ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन आणि सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन या महागड्या इंजेक्शनांतही कॅम्प्टोथेसिनच्याच घराण्यातले द्रव्य असते. फरक एवढाच की ते प्रतिपिंडाला बांधून थेट गाठीच्या दाराशी नेऊन सोडलेले असते.

मग काढा का चालत नाही?

आमच्या ओपीडीत मशीन शॉपमधला एक ऑपरेटर आला होता. त्याच्या आईला स्तनात गाठ होती, तपासणीचा तुकडा काढून झाला होता, रिपोर्ट यायचा होता. त्याने पिशवीतून सालीचे तुकडे काढून टेबलावर ठेवले. "सर, मामानं आणून दिलंय. आईला चालू केलं तर चालतंय काय? नायतर केमोनं माणूस खलास होतंय म्हणत्यात."

मी त्याला विचारले, तुझ्या भावाच्या फाउंड्रीत भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी काय करतात? म्हणाला, "नमुना काढून स्पेक्ट्रोला लावत्यात. कार्बन, सिलिकॉन बसलं तरच ओतायचं." का? "नायतर कास्टिंग रिजेक्ट." कास्टिंग रिजेक्ट झाले तर पुन्हा वितळवता येते. आईच्या बाबतीत तसे करता येणार नाही, एवढेच मी म्हणालो. पुढचे त्याला सांगावे लागले नाही.

नरक्याच्या सुक्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते ते हजार भागांत काही थोडे भाग. ते प्रमाणही ठरलेले नाही. मुळात वेगळे, खोडात वेगळे. झाडाच्या वयाप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलणारे. तुमच्या हातातल्या तुकड्यात किती आहे हे डोळ्यांनी, वासाने, चवीने कळत नाही. त्यात ते पाण्यात विरघळत नाही म्हटल्यावर काढ्यात किती उतरले हेही सांगता येत नाही. बहुतेक वेळा इतके कमी उतरेल की गाठीला काही होणार नाही, आणि तेवढ्यात महिने निघून जातील. तेच लाकूड दळून पूड गिळली, किंवा कुणी दारूत भिजवून दिले, तर कदाचित जास्त पोटात जाईल आणि पांढऱ्या पेशी घसरतील. यातले काय होणार हे आधी कळायला मार्ग नाही. इस्पितळात टोपोटेकॅन देताना रुग्णाची उंची-वजन मोजून शरीराच्या क्षेत्रफळावरून डोस काढतात, तो मिलिग्रॅममध्ये असतो. प्रत्येक फेरीआधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी पुरेशा नसतील तर औषध पुढे ढकलतात. इरिनोटेकॅनच्या रुग्णाला जुलाब सुरू होताच कोणती गोळी घ्यायची हे आधीच लिहून दिलेले असते.

आणखी एक गैरसमज. नरक्या 'कॅन्सरवर' चालतो असे म्हणताना कोणत्या कॅन्सरवर, हे कुणी विचारत नाही. तंबाखू, मावा, गुटख्यामुळे आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर किती दिसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्यावर मुख्य उपचार शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हे आहेत. या घराण्यातली औषधे त्यात पहिल्या फळीत नाहीत. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायला या. काढ्यावर घालवलेले तीन महिने इथे फार महाग पडतात. पहिल्या टप्प्यातली गाठ मानेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचायला तेवढा वेळ पुरतो.

तोड, तस्करी आणि जाहिरात

कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या घाटभागात नरक्याचा साठा पकडल्याच्या बातम्या गेली कित्येक वर्षे येत आहेत. गंमत अशी की या बातम्याच त्याची जाहिरात करतात. 'एवढ्या पैशाला विकतात म्हणजे गुण असणारच' असे वाचणाऱ्याला वाटते. किंमत खरी आहे, पण ती काढ्याची नाही. पकडलेले लाकूड हा कारखान्याचा कच्चा माल आहे. त्यातून द्रव्य काढून, शुद्ध करून, बदलून औषध होते. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार करायला आजही झाडातून काढलेले कॅम्प्टोथेसिन लागते, म्हणून मागणी थांबत नाही. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही हे द्रव्य तयार करते, असे जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले. मोठी आशा निर्माण झाली होती, पण प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या वाढवताना अशा बुरशीचे उत्पादन घटत जाते, ही अडचण राहिली आहे.

तोडणारे फांद्या नेऊन थांबत नाहीत. खोड नेतात, मुळे खणतात. खोड तोडले तर बुंध्याला फुटवे येऊ शकतात; मूळ खणले की झाड संपले. राखीव जंगलातून परवान्याशिवाय असे लाकूड आणणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, आणि राधानगरीसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. मामाने प्रेमाने आणून दिलेल्या पिशवीलाही हे कायदे लागू आहेत. एसटीतून किंवा कंपनीच्या बसमधून ती आणणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते.

जाहिरातीबद्दलचा कायदा त्याहून स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यात ज्या आजारांवर 'बरे करतो' अशी जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत कॅन्सर आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी मंजुरी घ्यायला लावणारा १७० क्रमांकाचा नियम मात्र गेल्या काही वर्षांत बराच हेलकावे खात राहिला. केंद्राने २०२४ मध्ये तो वगळला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद होताना ती स्थगितीही उठली. नियम गेला म्हणून १९५४ चा कायदा जात नाही. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निनावी मजकुराला जाहिरात म्हणून पकडायचे कुणाला, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि माझ्या मते खरी पळवाट तिथे आहे.

पैशांची भीती

काढ्याकडे वळणाऱ्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. बहुतेकांच्या मनात हिशेब असतो: कोल्हापूरच्या फेऱ्या, बुडणारी हजेरी, कंत्राटदाराने काढून टाकण्याची धास्ती. म्हणून हे नीट वाचा.

तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर उपचाराचा हक्क तुम्हाला आहे, तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही आहे. कंत्राटी कामगारालाही तो आहे. तुमचा नंबर कंत्राटदाराकडून मागून घ्या. तुम्ही स्वतः आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. कॅन्सर हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे दोन वर्षे सलग नोकरी आणि हप्त्यांची अट पूर्ण असेल तर पुढे ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळू शकतो. पगार त्याहून जास्त असेल किंवा ईएसआय नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सीपीआरला जा.

कुणी आधीच घेतले असेल तर

घाबरू नका आणि लपवू नका. काढा किंवा पूड आजच थांबवा. केमो सुरू असेल तर पुढच्या फेरीआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, कारण दोन्हींचा मारा एकाच अस्थिमज्जेवर पडू शकतो आणि मग पेशी का घसरल्या याचा उलगडा त्यांना होत नाही. रागावतील म्हणून न सांगणारे बरेच असतात; डॉक्टर रागावले तरी चालेल, पण सांगा.

रक्ताची साधी सीबीसी तपासणी करून घ्या, आणि आठवड्याने पुन्हा. पेशी लगेच घसरत नाहीत, काही दिवसांनी घसरतात. सोबत यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थांबत नसलेले जुलाब, तोंड येणे, लघवीतून रक्त, अंगावर लाल ठिपके, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. उरलेली पूड किंवा लाकूड फेकू नका, सोबत आणा. ते नरक्याचे आहे, गुळवेलीचे आहे की आणखी कशाचे, यावर पुढे कोणत्या तपासण्या करायच्या हे ठरते.